रुग्णाच्या बाजूने उभे राहण्याचे शिक्षण

दवाखान्यात दाखल झालेल्या माणसाच्या उशाशी दिवसरात्र कोणी असेल तर ती परिचारिका. डॉक्टर राउंडला येतात, केस पेपरवर औषधे लिहितात आणि पुढच्या वॉर्डात जातात. पहाटे तीन वाजता श्वासाची गती वाढली, लघवीचे प्रमाण घटले, काल गप्पा मारणारी आजी आज गप्प पडून आहे, हे सगळ्यांत आधी सिस्टरच्या किंवा ब्रदरच्या ध्यानात येते. तिथून पुढे दुसरे काम सुरू होते. हे कोणाला सांगायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे, ऐकणाऱ्याने मनावर घेतले नाही तर कोणाकडे जायचे? रुग्ण वाचणार की नाही, हे पुष्कळदा या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. निरीक्षण कसे करावे हे आपल्या परिचर्या महाविद्यालयांनी चांगले शिकवले आहे. ते निरीक्षण संस्थेच्या गळी कसे उतरवावे, हे शिकवायला आपण उशिरा सुरुवात केली. हे पुस्तक त्या उरलेल्या शिक्षणासाठी आहे.

पुस्तकाचे तीन भाग आहेत: परिचर्या, संस्था-विकास आणि रुग्णाची बाजू मांडण्याचे शास्त्र. बहुतेक महाविद्यालयांत हे तीन विषय वेगवेगळ्या सत्रांत येतात. वेगवेगळे शिक्षक ते शिकवतात आणि विद्यार्थी तीन वेगवेगळ्या गाइडांतून त्यांची तयारी करतात. परीक्षा संपली की तिन्ही विषय एकमेकांना न भेटताच विसरले जातात. वॉर्डात मात्र ते एकाच क्षणी समोर येतात. म्हणून या प्रस्तावनेत एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. रुग्णाच्या बाजूने बोलणे हा कोणा एका धीट सिस्टरचा स्वभाव म्हणून सोडून देता येत नाही. ते शिकवता येते, त्याचा सराव करून घेता येतो आणि त्यासाठी संस्थेला व्यवस्था उभी करावी लागते.

या विचाराची सुरुवात आधुनिक परिचर्येच्या सुरुवातीलाच झाली होती. नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ स्त्रियांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. हातात दिवा घेऊन फिरणारी दयाळू बाई एवढेच त्यांचे चित्र आपल्या शाळांच्या भिंतींवर लागले. क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर त्यांनी जे केले ते या पुस्तकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. सैनिक जखमांपेक्षा घाण, गर्दी आणि कोंदट हवेतून पसरणाऱ्या रोगांनी अधिक मेले, हे त्यांनी आकडे मांडून आणि आकृत्या काढून सरकारपुढे ठेवले. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या निधीतून परिचर्येची शाळा सुरू झाली. रुग्णाची शुश्रूषा, संस्थेतली सुधारणा आणि मुक्या सैनिकाच्या वतीने सत्तेशी बोलणे ही तिन्ही कामे त्यांनी एकत्रच केली. हिंदुस्थानातल्या आरोग्यव्यवस्थेवरही त्यांनी वर्षानुवर्षे लिहिले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. परिचर्येचा अभ्यास वॉर्डाच्या दारात थांबत नाही, हे पुण्यातल्या जाणत्यांना तेव्हाच कळले असणार.

आपल्याकडे हा व्यवसाय सन्मानाचा व्हावा यासाठी लढावे लागले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रक्त-मलमूत्र साफ करायचे, रात्रपाळी करायची, म्हणून घरंदाज मुलीने या वाटेला जाऊ नये अशी समजूत खोल रुजलेली होती. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानडे यांनी विधवा व गरजू स्त्रियांसाठी परिचर्येच्या शिक्षणाचा आग्रह धरला. ससून रुग्णालयात शिकायला जाणाऱ्या त्या पहिल्या मुलींना समाजाचे टोमणे ऐकावे लागले. १९०८ मध्ये प्रशिक्षित परिचारिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली होती. पुढे १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येची पदवी सुरू झाली आणि हा विषय रुग्णालयाच्या शाळेतून विद्यापीठात आला. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. १९६४ मध्ये एसएनडीटी महिला विद्यापीठात लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय सुरू झाले. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर राज्यभरातली परिचर्या महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. आज नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या शेतकऱ्याची मुलगी बारावीनंतर चार वर्षांची पदवी घेऊ शकते, यामागे ही सगळी वाटचाल आहे.

पदवीची एवढी गरज आहे का, हा प्रश्न अजूनही विचारला जातो. ‘इंजेक्शन द्यायला, सलाईन लावायला डिग्री कशाला?’ असे शिकलेली माणसेही म्हणतात. त्याचे उत्तर पुराव्यानिशी उपलब्ध आहे. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ युरोपीय देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास करून २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ३० दिवसांत किती दगावले, हे त्यांनी तपासले. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढलेल्या ठिकाणी मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी दिसली. एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की ती शक्यता तितकीच वाढलेली दिसली. या दोन आकड्यांत या पुस्तकाचा सगळा विषय सामावला आहे. पहिला आकडा शिक्षणाचा आहे आणि दुसरा संस्थेचा. उत्तम शिकलेली सिस्टर चाळीस रुग्णांच्या वॉर्डात एकटी उभी केली, तर तिचे शिक्षण वाया जाते.

आता आजच्या अभ्यासक्रमाकडे वळू. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलून त्याची आठ सत्रांत आणि श्रेयांकांत मांडणी केली. चौथ्या सत्रात व्यावसायिक मूल्ये आणि नीतिशास्त्र आले. पाचव्यात न्यायवैद्यक परिचर्या आणि भारतीय कायद्यांची ओळख आली, तर सहाव्यात परिचर्या व्यवस्थापन आणि नेतृत्व. म्हणजे आपण ज्याविषयी बोलत आहोत त्याची बीजे अभ्यासक्रमात आहेत. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा मंजूर केला आणि १९४७ च्या कायद्याची जागा घेणारी नवी चौकट तयार झाली. कागदावरची रचना आता बरी आहे. हे विषय शेवटच्या महिन्यात उरकण्याऐवजी वॉर्डातल्या प्रत्यक्ष घटनांशी जोडून शिकवणे हे शिक्षकांच्या हाती आहे आणि इथे आपण कमी पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुस्तकाचा दुसरा भाग संस्था-विकासाचा. व्यवस्थापन शाळेतला हा विषय परिचर्येत का आणला, असे काही शिक्षक विचारतील. माणसांच्या गटाची वागणूक कशी बदलते, याचा अभ्यास कुर्ट लेविन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पायाशुद्ध केला. जुनी सवय आधी सैल करावी लागते, मग बदल घडवता येतो आणि शेवटी नवी सवय पक्की करावी लागते, हा त्यांचा विचार व्यवस्थापनाच्या प्रत्येक पुस्तकात सापडतो. या शास्त्राचा एक पायाभूत अभ्यास खुद्द परिचारिकांवरच झाला आहे, हे मात्र आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतल्या इझाबेल मेंझीस यांनी एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयातल्या परिचर्या सेवेचा अभ्यास केला. शिकाऊ मुली मोठ्या संख्येने शिक्षण अर्धवट सोडून का जातात, हे तिथल्या प्रशासनाला कळत नव्हते.

मेंझीस यांना जे दिसले ते आपल्या वॉर्डातही ओळखीचे वाटेल. मृत्यू, वेदना आणि जबाबदारी यांतून येणारी भीती झेपावी म्हणून संस्थेने नकळत काही पद्धती घट्ट केल्या होत्या. एका मुलीने एका रुग्णाची पूर्ण काळजी घेण्याऐवजी सगळ्या वॉर्डाची कामे तुकड्या-तुकड्यांत वाटलेली होती: एकीने सगळ्यांचे तापमान घ्यायचे, दुसरीने सगळ्यांची अंथरुणे बदलायची. रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने आणि आजाराने व्हायचा. निर्णय घ्यायची वेळ आली की तो वरच्याकडे ढकलला जायचा. या पद्धतींनी भीती कमी झाली नाहीच, उलट ज्या समाधानासाठी मुली या व्यवसायात आल्या होत्या तेच हरवले. संवेदनशील मुली आधी निघून गेल्या. ‘बेड बाराचा हर्निया’ असे शब्द आजही ज्या वॉर्डात रोज ऐकू येतात, तिथल्या विद्यार्थ्यांनी हा अभ्यास वाचायलाच हवा. दोष एखाद्या सिस्टरच्या मनात शोधण्याआधी तो कामाच्या मांडणीत शोधावा, ही दृष्टी त्यातून मिळते. संस्था-विकास म्हणजे मुख्यतः हीच दृष्टी.

ही दृष्टी प्रत्यक्षात काय करू शकते, याचे उदाहरण शस्त्रक्रियागृहात सापडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक तपासणी यादी तयार केली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर उतरले. यादीत कोणतेही नवे यंत्र किंवा महागडे औषध नव्हते. रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा, ॲलर्जी, कापडी पॅडची आणि उपकरणांची मोजदाद यांची खात्री सर्वांसमोर मोठ्याने करायची होती. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, हेही त्यात होते. यादी वाचण्याचे काम अनेक ठिकाणी परिचारिकेकडे असते. ज्येष्ठ सर्जनला ‘थांबा, मोजदाद जुळत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार तिला त्या पद्धतीने दिला. धाडसाची गरज कमी करणारी अशी रचना उभी करणे, याला मी संस्थेचा खरा विकास म्हणतो.

रचना नसली तर काय होते, याची जगाला माहीत असलेली नोंद इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड रुग्णालयाची आहे. २००५ ते २००९ या काळात तिथे रुग्णांची अक्षम्य आबाळ झाली. माणसे मदतीसाठी हाका मारत राहिली, काहींना प्यायला पाणीही वेळेवर मिळाले नाही. व्यवस्थापनाचे लक्ष खर्चकपात आणि ठरवून दिलेली उद्दिष्टे गाठण्याकडे होते. अपघात विभागातल्या एका परिचारिकेने पुन्हा पुन्हा लेखी तक्रारी केल्या. त्यांवर कारवाई झाली नाही आणि तिला सहकाऱ्यांकडून धमक्या सोसाव्या लागल्या. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्यानंतर इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत कर्मचाऱ्यांना निर्भयपणे बोलता यावे म्हणून स्वतंत्र अधिकारी नेमण्याची पद्धत सुरू झाली. ती परिचारिका धीट होती, शिकलेली होती, तिने नियमाप्रमाणे लिहूनही दिले. तरी वर्षानुवर्षे काही बदलले नाही, कारण ऐकणारी यंत्रणाच नव्हती. रुग्णाची बाजू मांडण्याचा विषय संस्था-विकासाशिवाय का शिकवू नये, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तिसरा भाग रुग्णाची बाजू मांडण्याविषयी आहे. अमेरिकेतल्या रुग्णालय संघटनेने १९७३ मध्ये रुग्णांच्या हक्कांची सनद स्वीकारली. १९८० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सारा लॉरेन्स महाविद्यालयाने या विषयाची पदव्युत्तर पदवी सुरू केली आणि तो विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाला. भारतात राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्णहक्कांची सनद २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लोकांपुढे ठेवली. तिच्यात १७ हक्क होते. आजाराची आणि खर्चाची माहिती मिळणे, कागदपत्रांच्या प्रती मिळणे, तातडीचे उपचार, गोपनीयता, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे आणि बिलावरून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून न ठेवणे हे त्यांतले काही. महाराष्ट्रात रुग्णहक्कांसाठी जन आरोग्य अभियानासारख्या चळवळींनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या सुधारित नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याची तरतूद आली. भिंतीवरची ही सनद वाचून दाखवायला वॉर्डात कोण असते? पुन्हा सिस्टरच.

संमतीचेच उदाहरण घ्या. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की खरी संमती मिळवायची तर उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके आणि पर्याय रुग्णाला पुरेसे कळले पाहिजेत. प्रत्यक्षात इंग्रजी छापील कागदावर अंगठा घेतला जातो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ती बाई सिस्टरला हळूच विचारते, ‘ताई, नक्की काय काढणार आहेत?’ या प्रश्नाला ‘सकाळी डॉक्टरांना विचारा’ असे म्हणून पुढे जाता येते. किंवा सकाळी थिएटरमध्ये नेण्याआधी डॉक्टरांना तिच्या खाटेपाशी आणून तिच्या बोलीत सगळे समजावून घेता येते. दुसरा मार्ग निवडायला शिकवणे हे महाविद्यालयाचे काम आहे. मराठी, अहिराणी, गोंडी किंवा कोकणी बोलणाऱ्या रुग्णाची बाजू मांडायची तर विद्यार्थ्यांना हा विषय मातृभाषेतून विचारात घेता आला पाहिजे. हे पुस्तक मराठीत आहे ते त्यासाठी.

हे बोलणे कौशल्य म्हणून शिकवता येते. ‘सर, बेड आठला जरा बरं वाटत नाही’ असा फोन रात्री गेला तर झोपेतला निवासी डॉक्टर ‘बघू सकाळी’ म्हणतो. तीच सिस्टर असे सांगू शकते: ‘सर, वॉर्ड चारमधून बोलतेय. बेड आठच्या काकांचं बीपी अर्ध्या तासात १३० वरून ९० वर आलंय. दुपारी पोटाचं ऑपरेशन झालंय, ड्रेनमधून रक्त वाढलंय. आत रक्तस्राव होत असावा असं मला वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघा.’ परिस्थिती, पार्श्वभूमी, स्वतःचा अंदाज आणि मागणी असा हा क्रम जगभरच्या रुग्णालयांत शिकवला जातो. ‘मला वाटतं’ हे दोन शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे कळायला आपल्या मुलींना फार वर्षे लागतात. पहिल्या वर्षापासून त्याचा सराव घेतला तर लागणार नाहीत.

रुग्णाची बाजू मांडण्याच्या कामातला सर्वांत अवघड प्रश्न मुंबईच्या केईएम रुग्णालयाने आपल्यापुढे ठेवला आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर एका सफाई कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या आणि परिचारिकांच्या अनेक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने जीवन संपवण्याची परवानगी मागितली. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली आणि अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिची इतकी वर्षे काळजी घेणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे मानले. त्याच निकालाने विशिष्ट परिस्थितीत जीवनरक्षक उपचार थांबवण्याची वाटही मोकळी केली. दोन्ही बाजूंना अरुणाबद्दल कळवळा होता. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने कोण बोलेल आणि ते त्याच्या इच्छेचे आहे की आपल्या मायेचे, हे कसे ठरवायचे? विद्यार्थ्यांनी या निकालावर वर्गात वाद घालावा. बाजू मांडणे म्हणजे रुग्णासाठी आपण निर्णय घेणे नव्हे, ही मर्यादा त्या वादातून जितकी नीट कळेल तितकी व्याख्येतून कळणार नाही.

अरुणा शानबाग यांच्या घटनेतून दुसरी गोष्टही शिकायची आहे. ज्या संस्थेत परिचारिकाच सुरक्षित नाही, ती रुग्णाला काय सुरक्षितता देणार? कपडे बदलायला धड खोली नाही, रात्रपाळीला पुरेशी सोबत नाही, कंत्राटी नेमणुकीमुळे तोंड उघडले तर नोकरी जाण्याची भीती आहे, अशा स्थितीत रुग्णहक्कांवर व्याख्याने देणे अन्यायाचे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे शिक्षण-रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आपल्या जिल्हा रुग्णालयात एकदा रात्री जाऊन मोजून पाहिले म्हणजे अंतर समजते. मनुष्यबळाची मागणी करणे हेही रुग्णाचीच बाजू मांडणे आहे आणि ती आकड्यांनिशी कशी करावी, हे दुसऱ्या भागात सविस्तर आले आहे.

परिचर्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांना एक आग्रहाची विनंती. तीन विषयांच्या तीन शिक्षकांनी सत्रातून काही तास एकत्र यावे, वॉर्डात घडलेली एक खरी घटना नावे वगळून घ्यावी आणि तिच्यावर तिन्ही अंगांनी चर्चा करावी. त्या चर्चेला अधिसेविका, परिसेविका, निवासी डॉक्टर आणि शक्य असेल तेव्हा रुग्णाचे नातेवाईकही बोलवावेत. वैद्यकीय महाविद्यालयातले विद्यार्थी शेजारी बसले तर फारच चांगले. उद्या रात्री फोन उचलणारे तेच आहेत. रुग्णालयाच्या प्रमुखांनी सिस्टरने लिहून दिलेल्या प्रत्येक धोक्याच्या सूचनेला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर देण्याचा नियम करावा. त्याला पैसे लागत नाहीत.

आणि ज्यांच्यासाठी हे लिहिले त्या विद्यार्थ्यांनो, हे पुस्तक परीक्षेपुरते वाचू नका. वॉर्डात काही खटकले तर ते वेळ आणि आकड्यांसह लिहून ठेवा, शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत सांगा, उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. एकट्याने सांगणे जड जात असेल तर सोबतच्या चौघींना घेऊन सांगा. पुढे तुम्ही परिसेविका व्हाल, अधिसेविका व्हाल, तेव्हा नव्या मुलीने आणलेली वाईट बातमी आधी ऐकून घ्या. परिचारिकेला न घाबरता बोलता येते त्या दवाखान्यातच रुग्ण सुरक्षित असतो. असा दवाखाना उभा करणे हा तुमच्या पदवीचाच भाग आहे. तो शिकवण्याची मागणी तुम्ही तुमच्या महाविद्यालयाकडे हक्काने करा.